मावशींनी परत ठेवलेलं दीड पोतं

पुण्यातल्या एका साठीच्या वाचक ताईंचं हे पत्र. नाव त्यांच्या विनंतीवरून वगळलं आहे. शाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी घरातला कचरा मनावर घेतला. जर्मनीत राहणाऱ्या लेकीने तिथली यादी पाठवली, ती त्यांनी फ्रीजवर लावली. चार महिने ज्या वस्तूवर बाणांचा त्रिकोण दिसेल ती धुऊन, वाळवून बाल्कनीत साठवली. तीन पोती भरली. सोसायटीचा कचरा नेणाऱ्या मावशींना त्यांनी ती मोठ्या कौतुकाने दिली आणि ‘हे सगळं रिसायकलचं आहे, कचऱ्यात टाकू नका’ असं बजावलं. मावशींनी तिथेच पोती उपडी केली, निम्मा माल उचलला आणि दीड पोतं दारात परत ठेवलं. ‘हे नाही चालत, ताई,’ एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून यजमान म्हणतात, ‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं, कशाला हा आटापिटा?’ ताई विचारतात : मावशींची तक्रार सोसायटीच्या अध्यक्षांकडे करावी का? काय रिसायकल होतं आणि काय नाही, याची पक्की यादी मिळेल का? आणि यजमान म्हणतात ते खरं असेल, तर हे सगळं सोडून द्यावं का?

ताई,

तक्रार करू नका, हे सगळ्यात आधी सांगते.

तुमचा राग मला समजतो. चार महिने दुधाच्या पिशव्या दोरीवर वाळत घातल्या, आणि कुणी दारात माल उपडा करून निम्मा परत दिला, तर मनाला लागणारच. पण त्या दहा मिनिटांत मावशींनी काय केलं ते जरा आठवून पाहा. तीन पोत्यांतल्या एकेका वस्तूला हात लावला. ज्याला गिऱ्हाईक आहे ते एकीकडे, ज्याला नाही ते दुसरीकडे केलं. तुम्ही माझ्याकडे जी पक्की यादी मागता आहात, ती त्यांनी तुमच्या दारातच मांडून दाखवली होती.

पुण्यात घरोघरचा कचरा नेणाऱ्या अनेक जणी ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. 2008 पासून महापालिकेशी करार करून ही संस्था काम करते. प्रत्येक घरामागे मिळणारं महिन्याचं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून वेचलेला माल विकून येणारे पैसे, यावर या बायकांचा संसार चालतो. तुमच्या मावशीही अशाच कुणी असाव्यात. कचरा म्हणून तुम्ही ते दीड पोतं दिलं असतं, तर त्यांनी ते नेलंच असतं. तुम्ही मात्र ते माल म्हणून दिलंत आणि कचऱ्यात टाकू नका असं बजावलंत. विकत कुणी घेत नाही आणि टाकायचंही नाही, अशी वस्तू त्यांनी न्यायची कुठे? परत ठेवण्यात प्रामाणिकपणा होता. मान हलवून सगळं नेऊन कोपऱ्यावर टाकणं त्यांना सोपं होतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी येते. एखादी वस्तू रिसायकल होणारी असते किंवा नसते, जसं सोनं सोनं असतं आणि पितळ पितळ, असं आपण धरून चालतो. तसं नाही. वस्तू एकाच जातीची हवी, बऱ्यापैकी स्वच्छ हवी, वजनात पुरेशी जमायला हवी, तुमच्या शहरात ती विकत घेणारा भंगारवाला हवा, आणि त्याच्याकडून घेणारा कारखाना परवडेल इतक्या अंतरावर हवा. यातली एक कडी तुटली, की प्रयोगशाळेत शंभर टक्के रिसायकल होणारी वस्तूही आपल्यासाठी कचराच.

माझ्या लहानपणी आमच्याकडे बोहारीण यायची. कुठल्या साडीला किती भाव, कुठली पँट घ्यायची आणि कुठली नाही, हे तीच ठरवायची. जरीचा काठ आहे का, कापड विरलंय का, हे बोटांनी चाचपून बघायची. आईने घासाघीस पुष्कळ केली, पण बोहारणीने बाजूला सारलेला कपडा तिने पुन्हा गाठोड्यात घातला नाही. घेणारा कोण आहे ते माहीत होतं, म्हणून काय चालेल तेही माहीत होतं. मधल्या काळात घेणारा आपल्या नजरेआड गेला, आणि आपण वस्तूवरच्या खुणांवर विश्वास ठेवायला लागलो.

तो त्रिकोण अशीच एक खूण. 1988 मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1 ते 7 हे आकडे आणले, ते प्लास्टिकची जात ओळखता यावी म्हणून. भोवती बाण काढल्यामुळे जगभर लोकांना वाटलं, की हे परत वापरात येणारच. ही गल्लत इतकी झाली, की 2013 मध्ये बाण काढून साधा त्रिकोण करायचं ठरलं. पण जुनं चिन्ह अजून डब्या-बाटल्यांवर दिसतं. तेव्हा त्रिकोणाकडे वचन म्हणून पाहू नका. आतला आकडा मात्र कामाचा आहे. 1 म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयाच्या बाटल्या, 2 म्हणजे शाम्पू, फिनेल, डिटर्जंटच्या जाड बाटल्या, 4 म्हणजे दुधाच्या पिशव्या आणि तसलं मऊ प्लास्टिक, 5 म्हणजे डबे, झाकणं, जेवण पार्सल येतं ते खोके. या चार जातींना आपल्याकडे साधारणपणे गिऱ्हाईक असतं. 6 मध्ये थर्माकोल आणि वापरून फेकायचे कडक पेले येतात, 7 मध्ये उरलेलं सगळं मिसळीचं. तिथे हात आखडता घ्या. 3 म्हणजे पीव्हीसी. पाण्याचा जुना पाइप भंगारात जातो, पण वस्तूंवरची पारदर्शक वेष्टणं बाटल्यांच्या पोत्यात मिसळू नका. बाटलीचं प्लास्टिक वितळायला अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते आणि तेवढ्यात पीव्हीसी जळून काळं पडतं. थोडंसं मिसळलं तरी आख्खा घाणा बिघडतो.

लेकीची यादी तिच्या गावी बरोबरच आहे. जर्मनीत वेष्टणांसाठी पिवळी पिशवी असते, तिच्यात दह्याच्या कपापासून चिप्सच्या पाकिटापर्यंत सगळं टाकायची मुभा आहे. ते निवडायला यंत्रं आहेत, त्याचा खर्च वेष्टण बनवणाऱ्या कंपन्यांकडून वसूल होतो, आणि तरीही त्यातला बराच भाग शेवटी ऊर्जेसाठी जाळलाच जातो. तिथल्या यंत्रांना काळं प्लास्टिक नीट ओळखता येत नाही. आपल्याकडे माणसं निवडतात. ती चुरगाळल्याचा आवाज ऐकून, वाकवून, डोळ्यांनी ओळखतात, म्हणून पार्सलचा काळा डबा भाव कमी येऊनही इथे खपू शकतो. तीच वस्तू, गाव बदललं की उत्तर बदलतं.

दुधाच्या पिशवीबद्दल मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण ती आपल्या घरात रोज येते आणि तिच्याबाबतीत तुम्ही जवळजवळ सगळं बरोबर करता. हे चांगल्या प्रतीचं, एकाच जातीचं प्लास्टिक आहे आणि स्वच्छ पिशवीला भाव मिळतो. चूक होते ती कात्रीपाशी. आपण कोपरा कापून वेगळा करतो आणि तो चिमुकला तुकडा ओल्या कचऱ्यात किंवा गटारात जातो. तेवढा तुकडा कुणी वेचू शकत नाही. कोपरा पूर्ण न कापता पिशवीला लटकता ठेवा. धुण्यासाठी साबण नको, नळ सोडून खळखळून धुणंही नको. तांदूळ धुतलेल्या पाण्यात एकदा आतून हलवून घेतली तरी पुरे. घरात चार माणसं असतील तर वर्षाला सहज हजारभर पिशव्या होतात. त्यांच्यासाठी टाकीतलं ताजं पाणी खर्च करण्याचं कारण नाही. तुमच्या पत्रात ‘गरम पाण्याने, लिक्विड सोप घालून’ असं लिहिलंय, ते वाचून मी थबकलेच. दुर्गंधी येऊ नये, मुंग्या लागू नयेत, दुसरा माल खराब होऊ नये, एवढीच स्वच्छता पुरेशी असते.

कागदाचं गणित सोपं आहे, पण त्यातही काही कागद फसवतात. वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठ्याची खोकी चालतात. खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढा, खोकं चपटं करा, भिजू देऊ नका. कालनिर्णयाच्या वरची पत्र्याची पट्टी वेगळी करा, तीही पत्रा म्हणून विकली जाते. पण दुकानातली गुळगुळीत बिलं रद्दीत घालू नका. त्यांच्यावर उष्णतेने काळा पडणाऱ्या रसायनाचा थर असतो. चहाच्या कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. चमकी, मखमल आणि प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेली लग्नपत्रिका तर कागदच उरलेली नसते. त्यातला साधा आतला कागद काढून घ्या. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्या कचऱ्यात, स्वच्छ झाकण पुठ्ठ्यात. कागदाचा लगदा पाण्यात होतो आणि तेल पाण्यात सुटत नाही, ते नव्या कागदावर डाग म्हणून उमटतं. टिश्यू पेपरचे तंतू आधीच आखूड झालेले असतात, त्याला कुणी घेत नाही. तो खतात जाऊ द्या.

धातूचा प्रश्नच नाही. अॅल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवीन बनवण्याच्या मानाने सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, म्हणून डब्या-डबड्यांना कायम भाव असतो. अन्न न चिकटलेली फॉइल साठवून तिचा मुठीएवढा गोळा करून द्या. औषधाच्या गोळ्यांची पाकिटं मात्र त्या गोळ्यात कोंबू नका, तिथे प्लास्टिक आणि धातू एकमेकांना चिकटलेले असतात.

काचेत बाटल्या आणि बरण्या चालतात. ओव्हनमध्ये चालणारी भांडी नाहीत. ती काच जास्त उष्णतेला वितळते, साध्या काचेच्या भट्टीत तिचे खडे तसेच राहतात आणि नव्या बाटलीला तिथेच तडा जातो. आरसे, चिनी मातीचे कप यांनाही काचेच्या पोत्यात जागा नाही. फुटलेली काच वर्तमानपत्रात जाड गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ असं लिहा आणि मावशींच्या हातात देताना तोंडानेही सांगा. निवडताना त्यांचेच हात कापतात.

आता ते दीड पोतं. त्यात बहुतेक वेफर्स, बिस्किटं, मसाले, शाम्पूच्या पुड्या यांची चकचकीत पाकिटं असणार. एका पातळ पाकिटात दोन-तीन जातींची प्लास्टिकं आणि धातूचा मुलामा एकमेकांवर चिकटवलेले असतात. कुरकुरीतपणा टिकतो तो त्या थरांमुळेच, आणि ते पुन्हा सुटे करणं परवडत नाही तेही त्यांच्यामुळेच. काही शहरांत ही पाकिटं वेगळी काढून सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून पाठवतात. उकिरड्यावर पडण्यापेक्षा ते बरं, पण ते जाळणं आहे, त्याला पुनर्वापर म्हणू नये. थर्माकोलचीही अशीच कथा. तो जवळजवळ सगळा हवेचाच असतो. पोतं भरतं, वजन भरत नाही, म्हणून टेम्पोचं भाडंही निघत नाही. 2018 मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी आली तेव्हा थर्माकोलची मखरंही बंद झाली, हे मला फार योग्य वाटलं.

फळांच्या रसाचे टेट्रापॅक चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या मालाच्या मधले. त्यात सुमारे तीन चतुर्थांश कागद असतो, बाकी प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर. काही कागद कारखान्यांत ते वेगळे करता येतात, पण त्यासाठी ते कुणीतरी स्वतंत्र गोळा करून तिथपर्यंत पोहोचवायला हवेत. नळी काढा, आतून विसळा, चपटे करा, आणि घेता का हे मावशींनाच विचारा. हल्ली ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या हिरव्या पिशव्या येतात, त्यांनी तुमच्यासारख्या जाणत्या माणसांचीही फसगत होते. त्या मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेत कुजतात, कुंडीत सहसा नाही. आणि प्लास्टिकच्या मालात मिसळल्या तर तो माल कच्चा पडतो.

यादीतल्या एका भागात मात्र चूक परवडत नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात नीट गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्या. पुण्यातल्या कचरावेचक बायकांनी ही खूण मागून घेतली आहे, कारण आपण उघड्यावर टाकलेलं त्या नुसत्या हातांनी निवडतात. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर ‘सुया’ असं लिहा. ट्यूबलाइट आणि जुन्या सीएफएल दिव्यांत पारा असतो, ते न फोडता वेगळे द्या. फोनच्या आणि पॉवर बँकच्या बॅटऱ्या गाडीत दाबल्या गेल्या तर पेट घेतात. त्या, चार्जर आणि बिघडलेला मिक्सर ई-कचऱ्याच्या संकलनातच जाऊ द्या. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वेगळे भाग करायला सांगितले होते. पहिल्या दोन भागांबद्दल आपण खूप बोलतो, तिसऱ्याचा डबा फार थोड्या घरांत दिसतो.

यजमानांच्या म्हणण्याबद्दल. ते म्हणतात त्यात निम्मं तथ्य आहे. गाडीत शेवटी एकत्र जातं ते उरलेलं. गाडी येण्याआधी मावशी हातगाडीपाशी बसून विकण्याजोगं सगळं काढून घेतात. ते आपल्या खिडकीतून दिसत नाही, म्हणून झालंच नाही असं वाटतं. यजमानांना सांगा, एक दिवस सकाळी चालायला जाताना मावशी जिथे निवडायला बसतात तिथे दहा मिनिटं थांबा. आपल्याच घरातली बाटली कुठल्या पोत्यात जाते ते त्यांना डोळ्यांनी दिसेल. अर्थात, आमटीत भिजलेला पुठ्ठा तिथे कुणीच वेचू शकत नाही. घरातच ओलं-सुकं एक झालं, तर यजमानांचं वाक्य शब्दशः खरं ठरतं. पुण्याच्या अशा एकत्र कचऱ्याचे डोंगर शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसले आहेत. तिथल्या विहिरींचं पाणी गेलं, गावकऱ्यांना गाड्या अडवून आंदोलनं करावी लागली. म्हणून साबणाने घासलेल्या शंभर पाकिटांपेक्षा भाताचं शीत न लागलेला सुका डबा मला मोलाचा वाटतो, आणि तो तुमच्या घरात आधीपासून आहे.

एक गोष्ट जरा जपून विचारते. पोती भरत होती तेव्हा समाधान वाटत होतं, असं तुम्ही लिहिलंय. त्या समाधानामुळे खरेदीकडे थोडं दुर्लक्ष झालं का? धुऊन ठेवलं की हिशेब मिटला, असं माझ्याही मनात बरेच दिवस होतं. परत आलेलं दीड पोतं म्हणजे तुमच्या घरात येणाऱ्या, पण कुठेच न जाऊ शकणाऱ्या वस्तूंची मोजदाद आहे. ते एकदा जमिनीवर पसरून बघा. शाम्पूच्या पुड्या जास्त असतील तर मोठी बाटली आणा, तिला गिऱ्हाईक आहे. वेफर्स जास्त असतील तर पेठेतल्या वेफर्सवाल्याकडे घरचा डबा घेऊन जा. बहुतेक जण आनंदाने भरून देतात. डाळी, पोहे, रवा सुटा देणारा किराणावाला अजून जवळपास असेल तर तो बंद पडायच्या आत त्याच्याकडे जायला लागा. जे तरीही उरेल त्याचा अपराधी भाव स्वतःवर घेऊ नका. हे पाकीट तुम्ही बनवलेलं नाही. 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी ते परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे, आणि ती त्यांनी पाळावी असा आग्रह धरण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुण्याबाहेरून वाचणाऱ्यांच्या गावात दारात मावशी येत नसतील, घंटागाडी येत असेल. त्यांनी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे एका पिशवीत नमुने घेऊन जावं आणि प्रत्येकाबद्दल फक्त ‘घेता का?’ एवढं विचारावं. दहा मिनिटांत आपल्या गावाची यादी हातात येते.

तुम्ही मात्र हे उद्याच करू शकता. मावशींची घाईची वेळ सोडून, काम संपल्यावर त्यांना चहाला थांबवा. आत, खुर्चीवर. त्या दिवशी रागात बोललं गेलं असेल तर तेही बोलून टाका. मग ते दीड पोतं मध्ये ठेवा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात देत विचारा : ही चालते का, कुणी घेतं का, कशी दिली तर तुम्हाला बरी पडेल? त्या सांगतील ते तुमच्या सुंदर शिक्षकी अक्षरात लिहून घ्या. उरलेली पाकिटं बाल्कनीत ठेवू नका, रोजच्या सुक्या कचऱ्याबरोबर थोडी थोडी देऊन टाका. लेकीची यादी फ्रीजवरून काढून तिथे ही लावा, खाली मावशींचं नाव लिहा, आणि एखाद्या मालाचा भाव पडून तो घेणं बंद झालं असं त्या सांगतील, तेव्हा तेवढी ओळ खोडा.